सिम्युलेटरमध्ये चालतं, ब्रेडबोर्डवर चालत नाही : दोष कुठे शोधायचा

मुलांनी टिंकरकॅड या ब्राउझरमधल्या सिम्युलेटरवर सर्किट बांधलं, कोड लिहिला, सिम्युलेशन सुरू केलं आणि एलईडी लागला. मग तेच सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा खोचायच्या छिद्रांच्या पाटीवर, किटमधल्या खऱ्या सामानाने जोडलं, तर काहीच होत नाही. किंवा भलतंच होतं. टेबलाभोवती जमलेल्या पोरांपैकी कुणीतरी विचारतंच, "सर, कॉम्प्युटरात तं चालते, इथं काऊन नाई चालत जी?"

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी, केळापूर या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी शनिवारी हे शिकवतो. शाळा बदलते, किट बदलतं, प्रश्न हाच राहतो. सिम्युलेटरवर आपला भर असण्याचं कारण उघड आहे. अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा) मिळालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान असतं आणि सामान कपाटभर असतं. बाकी ठिकाणी एक किट आणि वर्गभर पोरं. म्हणून आधी सगळ्यांनी स्क्रीनवर बांधायचं आणि मग पाळीपाळीने हातात घ्यायचं, ही पद्धत योग्यच आहे. अडचण येते ती या दोन पायऱ्यांच्या मधे.

आधी कोडला हात लावू नका

खरं सर्किट चाललं नाही की पोरांचा हात थेट कीबोर्डकडे जातो. कुणी पिन नंबर बदलतं, कुणी डिले (थांबण्याचा वेळ) वाढवतं, कुणी एखादी ओळच उडवतं. आता दोष एकाचे दोन झाले, आणि कोणता मूळचा ते कुणालाच सांगता येत नाही.

सिम्युलेटरवर चाललेला कोड म्हणजे आपला विचार बरोबर असल्याचा पुरावा आहे. तो तसाच जपून ठेवा आणि शोध दुसरीकडे घ्या. सिम्युलेटर काही गोष्टी गृहीत धरतो : तार आतून तुटलेली नसते, छिद्र सैल नसतं, बॅटरी उतरत नाही, २२० ओहम लिहिलं की रेझिस्टर २२० ओहमचाच असतो. आपल्या किटमध्ये यातलं एकही खात्रीचं नसतं. दोष नव्वद टक्के वेळा तिथेच सापडतो, असं मी मोजून नव्हे, सवयीने सांगतो. क्रम असा ठेवा : बोर्ड, वीज, जोडणी, सुटा भाग, आणि सगळ्यात शेवटी कोड.

बोर्ड जिवंत आहे का

सगळ्या तारा काढा. नुसता आर्डुइनो, म्हणजे कोड चालवणारा बोर्ड, लॅपटॉपला लावा आणि ब्लिंकचा, म्हणजे दिवा लुकलुकवणारा, नमुना कोड चढवा. त्यात एक बदल जरूर करा : डिलेच्या १००० मिलिसेकंदांच्या जागी १०० लिहा. बाजारातल्या बऱ्याच बोर्डांवर ब्लिंक आधीच चढवलेला असतो. कोड चढलाच नाही तरी १३ नंबरच्या पिनवरचा दिवा लुकलुकतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. दिवा भरभर लुकलुकला तरच कोड खरोखर गेला.

कोड चढतच नसेल आणि पोर्टची यादी रिकामी दिसत असेल, तर आधी केबल बदला. गावात मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी कित्येकींत फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डावरचा पॉवरचा दिवा लागतो, म्हणून केबलवर कुणाचा संशय जात नाही. केबल बदलूनही पोर्ट दिसत नसेल तर सीएच३४० चा ड्रायव्हर टाकावा लागेल, कारण स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी बहुधा तीच चिप असते. आर्डुइनोचा छोटा नॅनो बोर्ड असेल, पोर्ट दिसत असेल आणि तरी 'नॉट इन सिंक' असा संदेश येत असेल, तर प्रोसेसरच्या यादीतून 'ओल्ड बूटलोडर' निवडून पाहा.

ब्रेडबोर्ड : निम्मा शोध इथेच संपतो

लांब ब्रेडबोर्डच्या कडेला लाल आणि निळ्या रेघेच्या पट्ट्या असतात. टिंकरकॅडमध्ये त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात. खऱ्या बोर्डांपैकी कित्येकांत त्या मधोमध तुटलेल्या असतात. नीट बघितलं तर रेघच तिथे थोडी खंडित छापलेली दिसते. डावीकडे ५ व्होल्ट दिले आणि सेन्सर उजवीकडे लावला, तर सेन्सरपर्यंत वीज पोचतच नाही. दोन छोट्या तारांनी ते खंड जोडून टाका. मी तर नवीन बोर्ड आला की आधी हेच करायला सांगतो, तुटलेलं असो वा नसो.

दुसरी गोष्ट ओळींची. टिंकरकॅडमध्ये छिद्रावर माउस नेला की त्याला जोडलेली सगळी छिद्रं हिरवी होतात. मुलांना ती हिरवी खूण बघायची सवय लागते. खऱ्या बोर्डावर काहीच हिरवं होत नाही, आणि तार एक छिद्र बाजूला जाते. यावर उपाय म्हणून स्क्रीनवर छोटा ३० ओळींचा बोर्ड घ्यायचा आणि हातातही तसाच. दोन पोरं जोडीने बसवायची. एक स्क्रीन बघून ओरडते, "बारा ब!", दुसरी त्या छिद्रात सामानाचा पाय (धातूची तार) घालते आणि परत ओरडून सांगते. गोंगाट होतो खरा. पण हे सुरू केल्यापासून एक छिद्र चुकण्याचा प्रकार माझ्या वर्गात क्वचितच दिसतो.

तिसरी गोष्ट सैलपणाची. जाड पायाचा डायोड कुणी एकदा घुसवला की ते छिद्र ढिलं होतं, आणि पुढे बारीक पायाचा रेझिस्टर तिथे नुसता उभा राहतो, टेकत नाही. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी पायांवर काळपट थर धरतो. पाय ब्लेडने हलके खरवडा, नाहीतर सरळ शेजारची ओळ वापरा.

मल्टिमीटर असेल तर 'बीप'वर ठेवून प्रत्येक तार तपासा. नसेल तर एक एलईडी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर जोडून परीक्षक बनवा. त्याचं ऋण टोक ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या ऋण पिनला, ठेवायचं, आणि दुसरं टोक जिथे ५ व्होल्ट असायला हवेत तिथे टेकवत जायचं. दिवा जिथे लागत नाही त्याच्या अलीकडेच कुठेतरी दोष. ही रीत मुलांना सांगावी लागत नाही, घरी मोटरपंपाच्या स्टार्टरजवळ काकाला टेस्टर लावताना त्यांनी पाहिलेलं असतं. पण इथे एक गोष्ट ठणकावून सांगा : हे फक्त ५ व्होल्टवर. घरच्या २३० व्होल्टच्या बोर्डाला हात नाही.

एलईडी आणि रेझिस्टर

टिंकरकॅडमधल्या एलईडीचा धन पाय वाकडा दाखवलेला असतो. खऱ्या एलईडीत तो लांब असतो. पाय कापलेला असेल तर कड चाचपून बघा, जिकडे सपाट लागेल तो ऋण. एवढं माहीत नसल्याने उलटे लावलेले एलईडी मुलं 'जळला' म्हणून फेकतात. कचऱ्याच्या डब्यातून काढून बघा, निम्मे चांगले असतात.

रेझिस्टरचं तसंच. सिम्युलेटरमध्ये आकडा टाइप केला की झालं, प्रत्यक्षात पट्टे वाचावे लागतात. लाल-लाल-तपकिरी म्हणजे २२० ओहम, लाल-लाल-नारिंगी म्हणजे २२ किलोओहम. ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी आणि नारिंगी यांत भल्याभल्यांची गफलत होते. २२० ओहमला एलईडीतून साधारण १३ मिलिअँपिअर जातात, २२ किलोओहमला जेमतेम ०.१४. दिवा लागलेला असतो, पण आपल्या उन्हाच्या झगझगाटात दिसत नाही. 'लागतच नाही' म्हणण्याआधी दोन्ही तळव्यांची ओंजळ करून आत डोकवा. किटमध्ये पाच पट्ट्यांचे रेझिस्टर आले असतील तर वाचण्याच्या भानगडीत पडूच नका. मल्टिमीटरने मोजून कागदी पट्टीवर आकडा लिहून चिकटवा.

रेझिस्टर न लावता काय होतं, हेही सिम्युलेटरनुसार बदलतं. टिंकरकॅड इशारा देतो, प्रवाह फार झाला तर एलईडीवर स्फोटाची खूण दाखवतो. वोकवी या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये मात्र रेझिस्टर नसला तरी एलईडी मजेत लागतो, कारण तो कोड आणि चिप उत्तम चालवतो, पण प्रवाहाचं गणित करत बसत नाही. वोकवीवर शिकलेली मुलं म्हणून रेझिस्टर विसरतात. आर्डुइनो उनोच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आणि सोयीची २०. एलईडी लगेच मरत नाही, म्हणून काही बिघडलं हे कळत नाही, पिन मात्र खराब होत जाते.

बटण न दाबता दिवा लुकलुकतो

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रकार. बटणाचा एक पाय ५ व्होल्टला, दुसरा पिन २ ला, आणि बस्स. स्क्रीनवर झकास चालतं. प्रत्यक्षात बटणाजवळ नुसता हात नेला तरी दिवा थरथरतो. बटण दाबलेलं नसताना पिन २ कशालाच जोडलेली नसते. सिम्युलेटरमध्ये अशी लोंबकळती पिन शांत बसते. खऱ्या खोलीत भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची विजेची गुणगुण ती पकडते, आपल्या अंगातूनसुद्धा.

उपाय सोपा आहे : पिनमोडमध्ये नुसतं 'इनपुट' न लिहिता 'इनपुट पुलअप' लिहा आणि बटणाचा दुसरा पाय ५ व्होल्टऐवजी ग्राउंडला न्या. चिपच्या आतलाच २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर पिनला वर धरून ठेवतो. आता न दाबलेलं बटण म्हणजे 'हाय', दाबलेलं म्हणजे 'लो'. हा उलटा हिशोब मुलांना सुरुवातीला खटकतो. तरी पहिल्या दिवसापासून हेच शिकवा, सिम्युलेटरमध्येही. आधी सोपं आणि मग खरं, असं करण्यात दुप्पट वेळ जातो.

बटण सतत दाबल्यासारखंच वागत असेल तर ते ९० अंशांत फिरलेलं आहे. चार पायांपैकी दोन-दोन आतून जोडलेलेच असतात. तिरपे समोरासमोरचे दोन पाय वापरले तर बटण कसंही बसवा, चूक होत नाही. आणि एकदा दाबून तीनदा मोजत असेल तर तो बटणाच्या आतल्या पत्र्याच्या उसळीचा दोष : पहिली नोंद झाली की ५० मिलिसेकंद थांबायला सांगा. टिंकरकॅड ही उसळी दाखवत नाही, वोकवी दाखवतो, एवढ्यासाठी मोजणीचे प्रयोग मी वोकवीवरच करून घेतो.

उणे दहा अंश

एप्रिल महिना, सकाळची शाळा सुटलेली, पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश. आठवीतल्या एका मुलीने तापमापक बनवला आणि पडद्यावर आकडा आला : उणे १०. मागून एकाने विचारलं, "आता आपल्या इथं बरफ पडते का जी?" ती मुलगी मात्र हसली नाही. सेन्सर उचलून त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागली, आणि उत्तर तिथेच होतं.

टिंकरकॅडमध्ये तापमानाचा सेन्सर टीएमपी३६ आहे. किटमध्ये बहुधा एलएम३५ येतो. दिसायला सारखे, तीन पाय, पायांचा क्रमही सारखा. दोन्ही अंशामागे १० मिलिव्होल्ट देतात. पण टीएमपी३६ शून्य अंशाला ५०० मिलिव्होल्टपासून सुरू होतो आणि एलएम३५ शून्यापासून. म्हणून टीएमपी३६ च्या सूत्रात आधी ०.५ वजा करतात. तेच सूत्र एलएम३५ ला लावलं की प्रत्येक आकडा ५० ने कमी येतो. ४० चे उणे १० झाले ते असे. सूत्रातलं ०.५ काढा, झालं.

तरीही दोन-तीन अंश जास्त येत असतील तर बोर्डाची ५ व्होल्टची पिन मोजा. जुन्या लॅपटॉपच्या यूएसबीवर तिथे ४.७ च मिळतात आणि मग ४० चे साडेबेचाळीस दिसतात. मोजलेला आकडाच सूत्रात ५ च्या जागी घाला. आणि सेन्सर बोटाला चटका देत असेल तर ताबडतोब काढा, तो उलटा लागलाय.

याच जातीचा घोळ इतर भागांतही आहे : नाव एक, वस्तू दुसरी. टिंकरकॅडमध्ये अंतर मोजायचा तीन पायांचाही अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे, किटमधल्या एचसी-एसआर०४ ला चार पाय असतात. तिथेही चार पायांचाच निवडा. आय-टू-सी (दोन डेटा तारांवर चालणाऱ्या) एलसीडी पडद्याचा पत्ता सिम्युलेटरमध्ये मुळात ३२ असतो, बाजारातल्या पडद्यांचा बहुधा ३९ किंवा ६३, म्हणजे कोडमध्ये झीरो-एक्स-२७ किंवा झीरो-एक्स-३एफ. पडदा उजळतो पण अक्षरं नाहीत, तर आधी मागचा निळा स्क्रू छोट्या पेचकसाने फिरवा, मग पत्त्याकडे या.

जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर आपल्या मुलांचा लाडका, कारण घरी कापूस आणि सोयाबीन आहे. तिथेही उलटापालट होते. टिंकरकॅडमध्ये ओल वाढली की आकडा वाढतो. स्वस्तातल्या एफसी-२८ मॉड्यूलचा आणि कपॅसिटिव्ह सेन्सरचा आकडा ओल वाढली की उतरतो. अट तशीच ठेवली तर पाऊस पडताना 'पाणी द्या' असा दिवा लागेल. कोरड्या मातीत आणि भिजवलेल्या मातीत एकेकदा आकडा पाहून मगच अट लिहा. आपल्या काळ्या मातीत आणखी एक गंमत आहे : सुकताना ती भेगाळते, आणि सेन्सरचं पातं भेगेत आलं तर शेजारी ओल असूनही आकडा कोरड्याचा येतो. पातं दाबून, माती चेपून बसवा. दोन पात्यांचा साधा सेन्सर सतत चालू ठेवला तर लवकर गंजतो, त्याला वीज फक्त वाचण्यापुरती द्या. आणि पंप म्हणून एलईडीच वापरा. रिलेवर (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) खरी मोटर चालवून दाखवायचा मोह शिक्षकांनाच जास्त होतो, तो आवरा.

वीज कमी पडते

सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी) स्क्रीनवर गुळगुळीत फिरते, टेबलावर गचके खाते आणि बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो. कोड निर्दोष असतो. छोटी सर्वोही अडली की काहीशे मिलिअँपिअर ओढते आणि ५ व्होल्ट खाली कोसळतात. तिला चार पेन्सिल सेलचा वेगळा डबा द्या, पण डब्याचा ऋण आणि बोर्डाचा ग्राउंड एकमेकांना जोडा. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी सिम्युलेटरमध्ये अमर असते. खरी बॅटरी मोटरला पुरतच नाही, पैसे वाया.

भारनियमनात पोरं पॉवर बँक लावतात. थोड्याच वेळात सगळं बंद पडतं, कारण एका एलईडीचं सर्किट इतकं कमी ओढतं की पॉवर बँकेला काही जोडलंय असं वाटतच नाही. मोबाइलचा चार्जर किंवा लॅपटॉप बरा.

वेग आणि आकडे बिघडतात

शाळेतल्या जुन्या संगणकावर सिम्युलेशन रेंगाळतं. सिम्युलेटरचं घड्याळ वर दिसतं, ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा. तिथला एक सेकंद खऱ्या तीन सेकंदांचा असेल, तर त्या चालीवर जुळवलेला सिग्नलचा दिवा खऱ्या बोर्डावर भरभर पळणारच. डिले घड्याळावर ठरवा, डोळ्यांवर नाही. सिरियल मॉनिटरमध्ये, म्हणजे बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, कचरा अक्षरं आली तर तिथला वेग कोडमधल्याइतका, बहुधा ९६००, करा. टिंकरकॅडमध्ये तो निवडावा लागत नाही, म्हणून मुलांना ठाऊकच नसतो.

नेटच नसेल तर

टिंकरकॅड आणि वोकवी दोन्ही ब्राउझरवरची, नेट हवंच. एका शिक्षकाच्या हॉटस्पॉटवर सगळा वर्ग बसला की पानंच उघडत नाहीत. नेट नसलेल्या दिवसासाठी संगणकात सिम्युलआयडीई टाकून ठेवा, ते नेटशिवाय आर्डुइनोही चालवतं. लहान वर्गांना कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट पुरतं. त्यातली सिम्युलेशनं उतरवून ठेवता येतात आणि बरीच मराठीतही आहेत. टिंकरकॅडसाठी मुलांचे ईमेल काढत बसू नका. शिक्षकाने वर्ग तयार करून टोपणनावं दिली की वर्गाच्या कोडने मुलं आत येतात.

एवढं करूनही अडलं आणि मला किंवा कुणालाही विचारायचं असेल, तर व्हॉट्सॲपवर 'सर, चालत नाही' एवढंच लिहू नका. ब्रेडबोर्डचा बरोबर वरून, उजेडात काढलेला फोटो, स्क्रीनवरच्या सर्किटचं चित्र, ५ व्होल्टच्या पिनवर मोजलेला आकडा, आणि प्रत्येक सेन्सरवर छापलेला नंबर हाताने लिहून पाठवा. फोटोत तो वाचता येत नाही.